हिवराचा काटा

सोमवारी जेसीबी येणार, हे मला आप्पांनी सांगितलं नाही. रतीब घालणाऱ्या सांडूनं सांगितलं. दूध ओतता ओतता तो म्हणाला, "वैनी, सोमवारपासून भांडं झाकून ठिवा. धुरळा लई येणार. माळ सपाट करायला मशीन येतंय."

मी पातेलं धरून तशीच उभी राहिले. त्याला वाटलं माप कमी पडलं म्हणून मी बघतेय. त्यानं आणखी थोडं ओतलं आणि गेला.

तो दिवस गुरुवार होता.

पडेगाव सोडून दौलताबादकडं निघालं की डाव्या हाताला आमचा माळ लागतो. अकरा एकर. मुरूम, दगड, कुसळी गवत आणि काटेरी झुडपं. तिथं कधी काही पेरलं गेलं नाही. घरातले लोक त्याला 'बरड' म्हणायचे आणि विषय बदलायचे. शहर सरकत सरकत आमच्या कुंपणाला टेकलं तेव्हा बरडाला भाव आला, आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिथं प्लॉट पाडायचं ठरवलं. लेआउट मंजूर झाल्याचे पेढे मीच डब्यात भरून औरंगपुऱ्यातल्या वकिलांकडं पाठवले होते. पण मंजुरी कागदावर असते, कागद कपाटात असतो. खरंच कधी मशीन येईल असं मी मनात आणलं नव्हतं.

त्या माळावर माझं पहिलं बाळ पुरलेलं आहे. कुठं, ते मला माहीत नाही.

सहा वर्षं झाली. पौष महिना होता. माझं ऑपरेशन झालं होतं, टाके ओले होते, आणि बाळ काचेच्या पेटीत होतं. अकराव्या दिवशी ते गेलं. मुलगा होता. नाव ठेवायचं राहूनच गेलं, म्हणून मनात त्याला अजून 'बाळ'च म्हणते. आप्पा आणि आमचा जुना सालगडी पुंजाराम त्याला दवाखान्यातून परस्पर घेऊन गेले. इतक्या लहान जिवाला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. वर दगड रचतात आणि दगडांवर काटेरी फांद्या टाकतात, कुत्र्या-कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून. हे मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. घरी आल्यावर मी सासूबाईंना विचारलं होतं, कुठं ठेवलंय? त्या माझ्या कानांवरून फडकं बांधत होत्या. गाठ आवळत म्हणाल्या, "बाईनं ते विचारायचं नसतं. जागा कळली की पाय तिकडंच वळतात. मग पुढचं लेकरू कुशीत ठरत नाय."

पुढचं लेकरू ठरलं. केतकी आता अडीच वर्षांची आहे. सासूबाई तिला बघून मग गेल्या. पुंजारामही गेला. खात्रीनं माहीत असलेलं माणूस उरलं एकच, आप्पा, आणि ते दिवसातून दहा वाक्यं बोलतात.

माझा नवरा चाकणला असतो. त्याचं नाव काकासाहेब. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी पोट धरून हसल्या होत्या, की सत्तावीस वर्षांच्या मुलाला काकासाहेब काय म्हणायचं. आता हाक मारायची वेळच फारशी येत नाही. पंधरा दिवसांतून एक रविवार तो घरी येतो, त्यातला अर्धा झोपतो. आमचं घर माळाच्या टोकाला, शेजार नाही. केतकी झोपली की मी तिच्या नाकापुढं बोट धरून बघते. दिवसातून किती वेळा, ते कुणाला सांगत नाही. आणि भाकरी थापताना खिडकीतून माळ बघते. बायकांना समोरच्या घरांची होते तशी मला त्या झुडपांची ओळख झाली होती.

सांडू गेल्यावर मी फोन लावला.

"तुम्हाला माहीत आहे ना?"

"काय?"

"कुठं ठेवलंय ते."

मागं कंपनीतला खडखडाट होता. तो बाजूला गेला असावा. "नाही गं. आप्पांनी मला येऊच दिलं नाही. तू दवाखान्यात एकटी होतीस."

"खरं सांगा."

"खरंच. तुला काय वाटत होतं, सहा वर्षं मी लपवून ठेवलंय?"

वाटत होतं. ते मी बोलले नाही.

"आप्पांना विचार," तो म्हणाला.

"तुम्ही विचारा."

केतकीनं फोन ओढून घेतला आणि बापाला मांजराचा आवाज काढून दाखवला.

शुक्रवारी तिला कडेवर घेऊन मी माळावर उतरले. माझी पदवी वनस्पतीशास्त्रातली आहे. घरात तिचा उपयोग म्हणजे कढीपत्त्यावर कसली कीड पडली ते सांगणं. पण कॉलेजात असताना मॅडम आम्हाला अशाच एका माळावर न्यायच्या आणि म्हणायच्या, याला ओसाड म्हणेल त्याचा एक मार्क कापीन. दुरून तो ओसाडच दिसतो. जवळ गेलं की कळतं, इथलं सगळं जगणं बेटाबेटानं आहे. मधे नुसता तापलेला मुरूम, आणि मग एखादं हेंकळीचं झुडूप, त्याच्या बुडाशी वीतभर काळी माती. उडती धूळ झुडपाला अडते. पाला तिथंच गळून कुजतो, पाणी तिथंच मुरतं. काट्यावर बुलबुल येऊन बसतो, कुठली कुठली फळं खाऊन आलेला, आणि त्याच्या शिटेतून बिया खाली पडतात. काट्यांमुळं शेळीला आत तोंड घालता येत नाही. उघड्यावर न जगणारं कडुनिंबाचं, सीताफळाचं रोप त्या काट्यांच्या आत जगून जातं. मॅडम अशा झुडपाला 'नर्स प्लांट' म्हणायच्या. परीक्षेत त्यावर मी दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, आकृतीसह.

मी असा विचार केला. काटा म्हटलं की आमच्याकडं पहिली आठवते ती बोर. पौषात बोरी पिकलेल्या असतात. पुंजारामनं बोरीच्या फांद्या तोडून टाकल्या असतील, तर फांदीबरोबर बोरंही पडली असतील. दगडांच्या आडोशाला त्यातली एखादी बी रुजली असेल. म्हणजे मला शोधायची होती सहा पावसाळे बघितलेली बोर, दगडांच्या ढिगातून वर आलेली. सहा वर्षं खिडकीतून बघत होते आणि कधी सुचलं नव्हतं.

तीन दिवस शोधत होते. केतकीच्या दुपारच्या झोपेआधी एक फेरी, ऊन कललं की दुसरी. तिला जमिनीवर सोडत नव्हते. विंचू, फुरसं, गंजका खिळा, सगळं माझ्या डोक्यात तिला आधीच लागून-चावून झालेलं असायचं. कंबर मोडून गेली. ती मात्र खूश होती. खाटीक पक्ष्यानं हिवराच्या काट्याला टोचून ठेवलेला वाळका टोळ बघून म्हणाली, "किडा झोपला." पायाजवळून तितर फडफडत उठला तेव्हा मी ओरडले, ती हसली. मग पुढं प्रत्येक झुडपाशी ती 'भूर' म्हणायची आणि तितर उठायची वाट बघायची.

बोरी तेवीस निघाल्या. ज्या मनगटाएवढ्या बुंध्याच्या, जुन्या होत्या, त्या सोडल्या. काहींच्या बुडाशी दगडच नव्हते. रविवारी, तो रविवार माझ्या नवऱ्याचा नव्हता, संध्याकाळी एक सापडली. कमरेएवढी, शेळ्यांनी कातरून घुमटासारखी केलेली. आणि बुडाशी दगड. सहज पडलेले नव्हते, माणसानं बसवलेले होते, अर्ध्या गोलात, निम्मे मातीत गेलेले.

मी केतकीला खाली ठेवलं आणि बसले.

रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. देवघरातला पाट पुसावा तशी मी दगडांवरची माती पदरानं पुसली. केतकी माझ्या खांद्याला धरून उभी होती.

"कोन हाय?" तिनं विचारलं.

"झाड आहे," मी म्हणाले.

सोमवारी नऊला मशीन आलं. चालवणारा कय्युम, पन्नाशीकडं झुकलेला, गळ्यात गमछा. आप्पा सकाळीच कसल्याशा सहीसाठी शहरात गेले होते. मी केतकीला घेऊन आडवी गेले.

"भाभी, बच्ची को लेके इधर मत ठैरो. पत्थर उडता."

"दादा, तेवढी एक बोर सोडायची."

त्यानं वरून बघितलं. "वो? वो तो रोड में आती. आप्पासाहेब चुना मारके दिये हैं."

"देवाचं झाड आहे ते."

कय्युमनं मशीन बंद केलं. "कौन से देव का?"

इतके देव, पण मला एक नाव सुचेना. "आमच्या घरातलं आहे," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं बघितलं, केतकीकडं बघितलं आणि त्याचा आवाज उतरला. "ऐसा करो, लाल कपडा बांधो उसको. ऊपर से दिखता नै मेरे को. आज मैं बाजू से निकल जाता. कल सेठ बोले तो क्या करूं, पेट का सवाल है."

"सेठ नाहीत, सासरे आहेत माझे."

"मग तुम्हीच सांगा ना त्यांना!" तो मराठीत म्हणाला आणि हसला. "मशीन के सामने खडे रैते, ससुर के सामने नै?"

मी घरी जाऊन लाल ओढणी आणली आणि बोरीला गुंडाळली. कय्युम मशीन घेऊन पूर्वेच्या टोकाला गेला. तिकडं हिवर होते. माळावरचा हिवर शेळ्यांच्या तोंडामुळं झाड होत नाही, झुडपासारखाच पसरतो. खिडकीतून मी बघत होते. बकेट बुडाशी जायची, झुडूप एकदा हलायचं आणि मुळासकट वर यायचं. मुळं खोडाच्या दुप्पट लांब असायची, त्यांना धरून बसलेला मुरूम झडत राहायचा. तितर पळाले ते नाल्यापर्यंत धावतच गेले, उडालेसुद्धा नाहीत. मला वाईट वाटत होतं. पण नजर लाल ओढणीवर होती, आणि तिथवर मशीन येत नव्हतं, म्हणून पोळ्या लाटत होते.

तिसऱ्या प्रहरी द्वारकाबाई आली. जुन्या पडेगावातली, साठीची. अकरा शेळ्या घेऊन ती रोज माळावर असायची. आमचं बोलणं एवढंच, की शेळ्या कुंपणाला लागल्या की मी हुसकायची, आणि ती मला ऐकू जाईल अशा बेतानं शेळ्यांना शिव्या द्यायची. आज ती बोरीपाशी थांबून मोठ्यानं हसायला लागली.

"आगं माय! हिला कुणी लुगडं नेसवलं?"

"मी." मी केतकीला घेऊन बोरीपाशी आले होते.

"कामून? लगीन हाय का बोरीचं?"

मी काहीतरी थाप मारणार होते. पण सकाळी एक मारून झाली होती, आणि दिवसभरात बोलायला दुसरं कुणी मिळालं नव्हतं. "इथं माझं बाळ आहे," मी म्हणाले. सहा वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं.

द्वारकाबाई हसायची थांबली. काठी टेकून वाकली, दगड निरखले.

"कोन म्हनलं तुला?"

"कुणी नाही. मीच शोधलं." मी तिला सगळं सांगितलं. पौष, पिकलेली बोरं, फांदी, रुजलेली बी. सांगताना वर्गात उत्तर देतेय असं वाटत होतं.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. "शिकलीस गं लई," ती म्हणाली, आणि ते टोमण्यानं नव्हतं. "पर बोरीचा काटा तसल्या कामाला कुणी घेत नाय. पौषात तर नायच नाय. बोरं लागलेली फांदी टाकली, तर सांजच्याला माझ्याच शेळ्या वढून नेतील. पोरं येतील बोरं खायाला. उघडं पडंल की लेकरू." मग तिनं एक दगड उपटून पालथा केला. खालची बाजू काजळीनं काळी होती. "ही तर चूल हाय. मेंढरंवाले बसत व्हते हिथं, मागल्या दुष्काळात."

मी दगड वरून पुसले होते. उलटून बघितले नव्हते.

"मग कसला काटा टाकतात?"

"हिवराचा. बोटभर पांढरा काटा. कुत्रं नाक लावत नाय त्याला."

मी पूर्वेकडं बघितलं. सकाळपासून पडलेल्या हिवरांचा तिथं घराएवढा ढीग झाला होता.

"माझी बी दोन हैत हिथं," द्वारकाबाई म्हणाली. आपल्या शेळ्या किती ते सांगावं, तसं.

"कुठं?"

"मला काय ठाव? बापयाला ठाव असतंय. माझा माणूस मेला, त्यानं काय सांगितलं नाय." तिनं दगड परत जागेवर बसवला, चुलीचा होता तरी नीट बसवला. "मी आपली शेळ्यांच्या मागं हिंडते. शेळ्या समद्या माळाला फिरत्यात. मग कवा ना कवा जवळनं जाणं व्हतंच की."

केतकीला तिच्याजवळ सोडून मी पळत गेले. केतकीला कुणाकडं तरी सोडल्याचं मला निम्म्या वाटेवर लक्षात आलं, तरी थांबले नाही. कय्युमनं मला बघून मशीन थांबवलं.

"क्या भाभी, अब ये भी देव का?"

मी खड्ड्यांत बघत होते. मुरूम, तुटकी मुळं, एका मुळाला लागलेलं वारूळ. दुसरं काही नव्हतं. सहा वर्षांनी काय असणार, तेही मला माहीत होतं.

"आज बंद करा," मी म्हणाले.

"आप्पासाहेब का फोन आया तो?"

"मी बंद करायला लावलं म्हणून सांगा."

माझ्या चेहऱ्याकडं बघून तो खाली उतरला आणि ढिगाच्या सावलीत जाऊन बसला.

आप्पा दिवेलागणीच्या आधी आले. ओट्यावर बसून बूट काढले. "मशीन थांबवलंस म्हणं," ते म्हणाले.

"हो." मी दारात उभी होते, केतकी माझ्या साडीत तोंड घालून. "आप्पा, आज जे हिवर पडले, त्यात होतं का?"

काय, ते त्यांनी विचारलं नाही. पाणी मागितलं. मी तांब्या दिला. ते सगळं पाणी प्यायले. मग पिशवीतून लेआउटचा गुंडाळा काढून बाजेवर पसरला. एका कोपऱ्यावर चष्म्याचं घर ठेवलं, दुसऱ्यावर तांब्या.

"इकडं ये. हा दौलताबादचा रस्ता. हा नाला."

तो नकाशा मी पेढ्यांच्या दिवशी बघितला होता, पण बघितला नव्हता. नियमाप्रमाणे दहावा हिस्सा खुली जागा म्हणून सोडावा लागतो. लोक ती नाल्याकडं ढकलतात, जिथला प्लॉट कुणी घेत नाही. आमच्या नकाशात खुली जागा ऐन रस्त्याला लागून होती, हिरव्या रेघा मारलेली.

"मोजणीवाला हसला मला," आप्पा म्हणाले. "म्हणला, आप्पासाहेब, दर्शनी जागा वाया घालवताय, नाल्याला टाका. त्यानं नाल्याला टाकून आणली. मी परत पाठवला. दुसऱ्यांदा बी तसंच. तिसऱ्यांदा कुठं इथं आली." त्यांचं बोट हिरव्या रेघांच्या कडेवर होतं, आत जात नव्हतं. "इथं मशीन जाणार नाय. कय्युमला पयल्यांदा हेच सांगितलं."

मी खाली बसले.

"त्यातलं कुठलं झुडूप?"

ते नकाशा गुंडाळायला लागले. "तुझ्या सासूला बी नाय सांगितलं. मरेपर्यंत विचारीत व्हती."

माझ्या कानांना फडकं बांधणाऱ्या सासूबाई. मी त्यांच्यावर सहा वर्षं मनातून रागावले होते.

"आपलं एकटं नाय त्यात," आप्पा म्हणाले. "मला ठाव हैत तेवढी समदी आत घेतली. सहा-सात."

"द्वारकामावशींची दोन?"

"तिच्या माणसानं मला कधी सांगितलं नाय." ते बाहेर, मशीन उभं होतं तिकडं बघायला लागले. "विचारायला पायजे व्हतं."

केतकीनं चष्म्याचं घर उचलून त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवलं. त्यांनी ते हातात घेतलं, उघडलं नाही.

"एक हाय," ते म्हणाले. "खुली जागा म्हणलं की लोक बगीचा मागतेत. प्लॉटवाले म्हणतील काटे काढा, हिरवळ लावा, पाळणे टाका. मी किती दिवस पुरणार? तू शिकलेली हैस. झुडपं का ठेवायची, ते हापिसाला लिहून दे. चार लोकांच्या सह्या घे." मग उठता उठता, "दुसरं काही लिहू नको."

मंगळवारी सकाळी मी बोरीची ओढणी सोडून आणली. कय्युम मशीन पुसत होता. "देव उठ गए क्या?" त्यानं विचारलं. मी नुसती मान हलवली. दहाच्या सुमाराला बोर पडली. मी खिडकीत नव्हते.

मी अर्ज लिहीत होते. महोदय, सदर खुल्या जागेवर हिवर, हेंकळ, तरवड, बोर अशी स्थानिक काटेरी झुडपं आहेत. एक, ही झुडपं उन्हाळी वाऱ्यात उडणारी माती अडवतात. दोन, त्यांच्या बुडाशी पावसाचं पाणी मुरतं. तीन, तितर, लावा, बुलबुल, खाटीक यांची घरटी आणि अन्न या झुडपांवर अवलंबून आहे. चार, तरवडाला भर दुष्काळातही फूल येतं, आणि त्या दिवसांत आसपासच्या मधमाश्यांना दुसरं काही नसतं. पाच, मोठ्या झाडांची रोपं या काट्यांच्या आडोशालाच वाढतात, म्हणून वृक्षलागवड करायची असली तरी आधी झुडपं हवीत. सहा, त्या रोपांच्या रक्षणासाठी जागेला तारेचं कुंपण घालून चराईस पूर्ण बंदी असावी.

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मॅडमनी पूर्ण मार्क दिले असते. लिहून झाल्यावर मी तो दोनदा वाचला. आप्पांनी सांगितलं होतं तसं, दुसरं काही त्यात नव्हतं.

सांडूनं सही केली. कय्युमनं उर्दूत केली आणि म्हणाला, "अब हमारी मशीन को ही काम नै रैता." तिसऱ्या प्रहरी मी खुल्या जागेवर गेले. केतकी कडेवर होती. द्वारकाबाईच्या शेळ्या तिथंच होत्या, बाकीच्या माळावर चरण्यासारखं राहिलं नव्हतं. मी पहिल्यांदाच त्या झुडपांमध्ये उभी होते. कुठलं तरी एक. काही ठिकाणी कुजलेल्या काट्यांतून हेंकळ वर आली होती, एका ठिकाणी सीताफळ. मी बुडाशी वाकून बघितलं नाही. कुठलाच दगड उलटला नाही. आप्पांनी सहा-सात लेकरं या जागेत राखलीत, एवढं मी द्वारकाबाईला सांगितलं.

"वाच की, काय लिव्हलंय," द्वारकाबाई म्हणाली. मी वाचलं. तितरांचं आलं तेव्हा ती म्हणाली, "ह्ये बेस केलंस." मधमाश्यांना मान डोलावली. सहाव्या मुद्द्याला तिनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"तार म्हंजे? समद्या बाजूनं?"

"हो. शेळ्या रोपं खातात ना, मावशी."

"खात्यात की." ती शेळ्यांकडं बघत होती. "मग मी कुठं हिंडू?"

मी दगडावर कागद ठेवला आणि सहावा मुद्दा खोडला. खाली लिहिलं: कुंपण नसावं, परिसरातल्या शेळ्या राखणाऱ्या बायकांना इथं येण्या-जाण्यास मोकळीक असावी. पाचवा मुद्दा त्यामुळं लंगडा झाला. कुणी जाणकारानं वाचलं तर विचारेल, शेळ्या सोडायच्या तर रोपं कशी जगणार.

मी वाचून दाखवलं. द्वारकाबाईनं पेन घेतलं. तिला सही येत होती, एकेक अक्षर जोडून. 'द्वा' झाल्यावर ती थांबली.

"आप्पासाहेब काय म्हनले गं? माझी हैत का ह्यात?"

पूर्वेकडं मशीन चालू होतं. रस्त्याची पट्टी बोरीच्या पुढं गेली होती. केतकी माझं मंगळसूत्र ओढत होती.

"हो," मी म्हणाले. "दोन्ही आहेत म्हणाले."

देवाचं नाव सुचलं नव्हतं मला काल. हे लगेच आलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता विचारेल, कुठं. तिनं विचारलं नाही. उरलेली अक्षरं लिहिली, पेन लुगड्याला पुसून परत दिलं, आणि शेळ्यांच्या मागं निघाली. रोज ती त्यांना हाकत पुढं न्यायची. आज शेळ्या थांबतील तिथं तीही थांबत होती.

केतकी म्हणाली, "भूर." मी कागदाची घडी घातली आणि ती त्या बाईकडं हात करतेय की झुडपांकडं, ते न बघता घराकडं वळले.